अर्थ कोणी कोणाला विचारायचा?

समकालीन मराठी कवितेविषयी सुशिक्षित वाचकाच्या ज्या तक्रारी वारंवार कानी येतात, त्यांतील बहुतेक तक्रारी अखेरीस शब्दांपाशी येऊन थांबतात. ही कविता कळत नाही, ती ओबडधोबड आहे, तिच्यात शिव्या आहेत, इंग्रजी शब्दांची खैरात आहे, बोलीतले असे शब्द आहेत की जे कधी वाचनात आले नाहीत; आणि विषय पाहावेत तर कर्ज, गटार, गर्दी, आजार आणि देह. जी कविता एके काळी दिवसभराच्या शिणलेल्या मनाला विसावा देत असे, तीच आता कचेरीतून घरी आलेल्या माणसाला पुन्हा रस्त्यावर नेऊन उभी करते, असा हा आक्षेप आहे. तो घेणारा माणूस अरसिक असतो, असे मुळीच नाही. पुष्कळदा तो शिक्षक असतो, कारकून असतो. कुसुमाग्रज, बोरकर, पाडगावकर यांच्या कविता त्याला मुखोद्गत असतात. म्हणूनच त्याची तक्रार हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. ती नेमकी कशाविषयी आहे, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

कवितेतील शब्द न कळणे ही मराठी वाचकाला नवी गोष्ट नाही. ज्ञानेश्वरी विकत घेणारा माणूस शब्दार्थ आणि टीपा असलेली प्रत मागून घेतो. मोरोपंतांची आर्या अन्वय लावल्यावाचून उलगडत नाही. संस्कृतप्रचुर शब्दकळेची कविता पिढ्यानपिढ्या शाळांतून शिकवली गेली आणि तिचा अर्थ न कळणाऱ्या मुलाने तो मुकाट्याने वहीत उतरवून घेतला. तेथे कोणी कवीला दोष दिला नाही. दोष असलाच तर तो अज्ञानाचा, असे सर्वांनी गृहीत धरले. मग 'घरोट' हा शब्द अडला की दोष कवितेचा, आणि संस्कृत समास अडला की दोष वाचकाचा, हा न्याय कोठला?

या प्रश्नाचे उत्तर काव्यशास्त्रात शोधण्यापेक्षा समाजव्यवहारात शोधणे अधिक उपयोगाचे आहे. संस्कृत शब्द अडला तर शेतकऱ्याच्या मुलाने गुरुजींना विचारायचे, अशी रीत होती. बोलीतला शब्द अडला तर गुरुजींनी शेतकऱ्याच्या मुलाला विचारावे लागते. समकालीन कवितेतील शब्दांविषयीची अस्वस्थता ही पुष्कळ अंशी या उलटलेल्या दिशेची अस्वस्थता आहे. अर्थ सांगण्याची सवय झालेल्या माणसाला अर्थ विचारण्याची पाळी आली, हे त्या तक्रारीचे मूळ आहे.

प्रश्नाची दिशा

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जळगाव जिल्ह्यातील असोदे येथे १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात राबताना त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले, आणि पुढल्या वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झाली. जात्याला त्यांच्या बोलीत 'घरोट' म्हणतात. हा शब्द पुण्यामुंबईच्या वाचकाला तळटीप पाहिल्यावाचून कळत नाही. परंतु खानदेशातील मुलाला तो आजीच्या तोंडून आलेला असतो. एकाच पाठ्यपुस्तकाचे एकच पान, पण तळटीप कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही, हे या कवितेने बदलून टाकले.

बहिणाबाईंचा स्वीकार झाला, आणि तो मनापासून झाला, यात शंका नाही. मात्र तो तुलनेने सोपा होता. त्यांच्या गाण्यांतील पेरणी, मोट, उपणणी आणि जाते हे जग शहरी वाचकाला अपरिचित असले तरी अप्रिय नव्हते. त्या जगाविषयी त्याच्या मनात एक हळवा कोपरा होता. खरी परीक्षा १९७२ मध्ये झाली. त्या वर्षी नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. मुंबईतील वेश्यावस्ती, तेथील गुत्ते, दलाल, भुकेले, रोगी आणि चोर यांची भाषा त्यात कवितेची भाषा होऊन आली. ती केवळ शिव्यांची भाषा होती असे समजणे चुकीचे ठरेल. वस्तीतल्या बोलण्याशेजारी पुस्तकी आणि संस्कृत शब्द बिनदिक्कत बसवणे, हे ढसाळांच्या शैलीचे एक बलस्थान आहे. तथापि पांढरपेशा वाचकाला प्रथम टोचले ते अनोळखी शब्दच.

या संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर हे मुंबईत राहणारे, पत्रकारितेत मुरलेले, मराठी संवादाचे मर्म जाणणारे नाटककार. अशा लेखकाने या कवितांतील कित्येक शब्द आपल्याला ठाऊक नाहीत, हे प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले. कवीला त्यांचे अर्थ विचारले आणि त्याच्याबरोबर त्या वस्तीत फिरून ते जग पाहिले. मराठी समीक्षेच्या इतिहासात ही घटना लहान वाटेल, पण वाचकाच्या वर्तनाचा तो एक धडा आहे. त्याच शहरात, काही मैलांवर, वर्षानुवर्षे बोलली जाणारी मराठी एका नामवंत मराठी लेखकाला अनोळखी होती. ती अनोळखी आहे म्हणून त्याने तिला मराठीबाहेर काढले नाही. तो विचारायला गेला.

अशीच विचारणा भुजंग मेश्राम यांच्या 'उलगुलान' (१९९०) या संग्रहाच्या नावापाशीच करावी लागते. हा शब्द मुंडारी आहे. बिरसा मुंडा यांच्या नेतृत्वाखाली १८९९-१९०० मध्ये छोटानागपूरच्या प्रदेशात जो उठाव झाला, त्याचे ते नाव. मराठी कवीने मराठी संग्रहाला ते द्यावे, यात शब्दांची हौस नाही. महाराष्ट्रातील आदिवासीचा इतिहास केवळ महाराष्ट्राच्या सीमेत मावत नाही, हे त्या एका शब्दाने सांगितले जाते. 'बंड' किंवा 'उठाव' म्हटले असते तर अर्थ कळला असता, परंतु नाते कळले नसते.

शुद्धीची बदलती यादी

कवितेत कोणते शब्द शोभतात याची यादी कायमची नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. शिवकालात रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला, तो दरबारी व्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ उभी राहिली, तेव्हाही रोख मुख्यतः याच शब्दांवर होता. कवी माधव ज्यूलियन हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी 'फारशी-मराठी कोश' तयार केला आणि गझलेचा छंद मराठीत रुजवला. त्यांच्या आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती. तेच पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. एकाच कवीच्या हयातीत शब्दांची पंगत अशी बदलली.

यादी बदलली, पण व्यवहार थांबला नाही. अर्ज, वकील, फिर्याद, हिशेब, जमीन हे शब्द फारसी-अरबीतून आले. महिनाअखेरीस ज्याची वाट पाहिली जाते तो 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. मर्ढेकरांनी 'पंक्चर' या इंग्रजी शब्दापासून मराठी क्रियापद घडवले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. आज महाविद्यालयांतून त्याची वाखाणणी होते. म्हणून शब्द कोठून आला, या प्रश्नाने कवितेचा निवाडा होत नाही. तो कोणाच्या आयुष्यातून आला आणि कवितेत काय करतो, हे विचारावे लागते.

शब्द आणि श्रम

शब्द हे बहुधा कामाबरोबर जन्मतात. मुंबईच्या गिरणगावात 'साचा' म्हणजे माग, 'त्रासन' म्हणजे सूतकताईचे खाते, 'बदली' म्हणजे कायम नसलेला, दाराशी उभा राहून रिकाम्या जागेची वाट पाहणारा कामगार, आणि 'भोंगा' म्हणजे पाळीची वेळ सांगणारा कर्णा. शेजारच्या दादर-गिरगावातील चाळीत राहणाऱ्या कारकुनालाही यांतले काही शब्द ठाऊक नसत. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली आणि मग ते शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या त्यांच्या संग्रहांनी या शहराला श्रमिकांच्या बाजूने बोलते केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. साचे भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर एक शब्दसंग्रहही गेला. आज 'भोंगा' म्हटले की नव्या पिढीला ध्वनिक्षेपक आठवतो. त्या कामाचे शब्द आता उरले आहेत ते वृद्धांच्या बोलण्यात आणि काही पुस्तकांत. कवितेने ते त्या काळी घेतले नसते, तर त्या जगाची आठवण आणखी थोडी पुसट झाली असती.

'पाळी' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. गिरणीतली पाळी कवितेत आली, तेव्हा ती श्रमाची कविता म्हणून वाखाणली गेली. तोच शब्द स्त्रियांनी आपल्या देहाच्या संदर्भात कवितेत लिहिला, तेव्हा मात्र सभेत चुळबुळ सुरू झाली. अक्षरे तीच, उच्चार तोच. तेव्हा चुळबुळ शब्दामुळे नव्हती, तो कोणाच्या तोंडून आला यामुळे होती.

शेतीची आजची कविता घेतली, तर तिच्यातील एक महत्त्वाचा शब्द खुद्द सरकारी दप्तरातून आलेला आहे. 'सातबारा' म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. जमिनीचा हक्क आणि जमिनीवरील पीक यांची नोंद करणारे हे दोन कागद. क्रमांकांचे हे जोडनाव तलाठ्याच्या दप्तरातून शेतकऱ्याच्या तोंडी गेले, तेथून मोर्च्याच्या घोषणेत आणि कवितेत. या एका शब्दात वाटणी आहे, बोजा आहे, भाऊबंदकी आहे, आणि हातातून जमीन गेल्याची भीती आहे. 'भूमी' या शब्दात यांतले काहीच नाही. २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली आणि बियाण्याच्या पिशवीबरोबर 'बीटी' ही अक्षरे वऱ्हाडातल्या आजीबाईंच्या बोलण्यात रुळली. ज्या बोलीतून 'लोडशेडिंग' आणि 'कर्जमाफी' वगळता येत नाहीत, तिच्यातली कविता ते शब्द वगळून लिहायची, तर ती खोटी होईल.

कर्ज हा विषय कवितेला शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तुकोबांचे स्मरण करावे. त्यांच्या अभंगांत भांडवल, व्याज, देणेघेणे यांचे शब्द पदोपदी येतात, कारण ते दुकानदारीच्या घरात वाढले होते. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. मराठीतील सर्वांत मोठ्या कवीला हिशेबाच्या वहीची भाषा कमीपणाची वाटली नाही, ती आजच्या वाचकाला का वाटावी?

अर्थ विचारण्याऐवजी शिक्षा मागण्याचीही एक रीत आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्यातून ते निर्दोष सुटले. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात छापली गेली आणि तिच्यावरील वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १४ मे २०१५ च्या निकालात न्यायालयाने, इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी शब्द घालताना समाजमान्य सभ्यतेची कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागेल, अशी भूमिका घेतली. या निकालाविषयी मतभेद असू शकतात. कविता आवडली नाही तर तसे स्पष्ट लिहिण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे. परंतु कवितेतील शब्दाचा अर्थ लावण्याचे काम वाचकाने सोडून दिले, की ते पोलीस ठाण्याकडे आणि न्यायालयाकडे जाते, आणि तेथे कवितेचे वाचन होत नाही, केवळ शब्दांची मोजदाद होते.

कवीकडून अपेक्षा

येथवर वाचकाच्या जबाबदारीचा विचार झाला. परंतु वाचकाच्या तक्रारीचा दुसरा भाग खरा आहे, आणि कवींनी तो ऐकला पाहिजे. चलन बेसुमार छापले की नाण्याची किंमत उतरते, हा नियम शब्दांनाही लागू पडतो. ढसाळांच्या पिढीने जे शब्द प्राणांची किंमत देऊन कवितेत आणले, ते पुढे काही कवींच्या हाती तयार माल म्हणून आले. एखादी शिवी, एखादी गलिच्छ प्रतिमा, दोनचार इंग्रजी नावे आणि तुटक ओळी एवढ्या सामग्रीवर आधुनिकतेचा परवाना मिळतो, असा समज पसरला. ज्याने भूक सोसली नाही त्याने भुकेवर लिहू नये, असा दंडक कोणी घालणार नाही. पण उसना घेतलेला शब्द कवितेत उसनाच राहतो आणि सरावाचा वाचक तो बरोबर ओळखतो. पूर्वीच्या कवितेत चंद्र, कळी आणि चांदणे यांचे जे झाले, तेच आज गटार, सिगारेट आणि मोबाइल यांचे होत आहे.

यावर एक साधी कसोटी आहे. कवितेतील अनोळखी किंवा टोचणारा शब्द क्षणभर बाजूला काढावा आणि त्या जागी सरळ, परिचित शब्द ठेवून पाहावा. कवितेचे काहीच नुकसान झाले नाही, तर मूळ शब्द शोभेसाठी होता. मग तो शिवी असो, इंग्रजी असो, बोलीतला असो, वा संस्कृत समास असो. आणि नुकसान झाले, तर तो शब्द तेथे हवाच होता. मग तो आपल्याला आवडो वा न आवडो. 'उलगुलान' आणि 'सातबारा' या कसोटीला उतरतात. शोभेचे पुष्कळ शब्द तिला उतरणार नाहीत, आणि त्यांत जुन्या वळणाच्या कवितेतले शब्दही निघतील.

कवीने वाचकाला विचारायला लावावे, पण विचारण्याचे श्रम वाया जाऊ देऊ नयेत. अरुण कोलटकर यांच्या 'भिजकी वही' (२००३) या संग्रहाचे उदाहरण येथे घेता येईल. भाषा बव्हंशी साधी, बोलण्यातली. परंतु हिपेशिया, राबिया अशी देशोदेशींची, कालोकालीची स्त्रीनावे त्यात येतात आणि ती सर्वच मराठी वाचकाला परिचित नसतात. वाचक ग्रंथालयात जातो, शोधतो आणि परत येऊन कविता वाचतो, तेव्हा ती पहिल्याहून मोठी झालेली असते. जगभरच्या स्त्रियांचे दुःख मराठी घरातल्या बोलीत ऐकू आल्याचा तो अनुभव आहे. या संग्रहाला कोलटकरांच्या निधनानंतर २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जेथे शोध घेऊन परतलेल्या वाचकाला शब्दार्थापलीकडे काहीच लाभत नाही, तेथे दुर्बोधतेचा दोष कवीकडे जातो, आणि तो त्याने स्वीकारला पाहिजे.

वर्गातील लाल शाई

हा सारा वाद काव्यरसिकांच्या बैठकीपुरता असता, तर त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. परंतु तो दररोज शाळेच्या वर्गात घडत असतो. पहिल्या तासाला मराठीचे शिक्षक बहिणाबाईंची कविता शिकवतात. तिच्या बोलीचा गोडवा, तिचा अस्सलपणा यांविषयी भरभरून बोलतात. परीक्षेला त्यावर प्रश्नही येतो. दुसऱ्या तासाला निबंधाच्या वह्या परत मिळतात, आणि त्याच बोलीत वाढलेल्या मुलाने अनवधानाने लिहिलेल्या घरच्या शब्दाखाली लाल रेघ असते. मुलाला यातून एकच बोध होतो. आपली भाषा पुस्तकात छापली तर साहित्य असते, आपण लिहिली तर चूक असते. प्रमाणभाषा शिकवणे हे शाळेचे कर्तव्य आहे. त्यावाचून त्या मुलाला अर्जही नीट लिहिता येणार नाही. पण प्रमाण शब्द शिकवताना घरचा शब्द चुकीचा ठरवण्याची गरज नसते. लाल रेघ मारण्याऐवजी समासात दुसरा शब्द लिहून दोन्ही ठेवता येतात. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३० च्या दशकातच निरनिराळ्या प्रांतांतील शब्दांना त्यांच्या त्यांच्या खुणेसह जागा दिली होती. कोशाला जे जमले, ते वर्गाला जमू नये असे नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. त्याचा आनंद सर्वत्र साजरा झाला, आणि तो योग्यच होता. हा दर्जा भाषेच्या प्राचीनतेला मिळाला आहे. परंतु जी मराठी पुढील पिढ्यांना वापरायची आहे, ती ताम्रपटांत सापडणार नाही; ती वीटभट्टीवर, बाजार समितीच्या आवारात, रेल्वेच्या डब्यात आणि भ्रमणध्वनीच्या दुकानात घडते आहे. तिच्यातले बरेचसे शब्द सुशिक्षित वाचकाला ठाऊक नाहीत, आणि ते प्रथम त्याच्या नजरेस पडतात ते बहुधा कवितेतच.

त्या शब्दांपाशी अडलेल्या वाचकाने पुस्तक मिटण्यापूर्वी एकदा विचारावे. विचारण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कचेरीतला शिपाई, घरी भांडी घासायला येणारी बाई, वर्गातील मागच्या बाकावरचा मुलगा यांपैकी कोणाला तरी तो शब्द ठाऊक असतो. त्याने अर्थ सांगितल्यावरही कविता आवडली नाही, तर ती नापसंती मोलाची असेल, आणि कवीलाही तिचे उत्तर द्यावे लागेल.